रंगपेटी ही चैन नव्हे

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे बदल अमलात आले, त्यांत एक बदल फार लहान होता. मोटारी, सिमेंट आणि विम्याचे हप्ते यांच्या गलबल्यात त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पेन्सिली, रंगीत खडू, पेस्टल, वह्या यांच्यावरचा बारा टक्के कर शून्यावर आला आणि खोडरबरावरचा पाच टक्के करही रद्द झाला. याचा दुसरा अर्थ असा की, जुलै २०१७ पासून आठ वर्षांहून अधिक काळ हे प्रजासत्ताक आपल्या बालकांच्या रंगीत खडूंवर कर वसूल करीत होते. उशिरा का होईना, ती लाजिरवाणी गोष्ट संपली याचे स्वागत केले पाहिजे.

परंतु स्वागत करून झाल्यावर हिशेबही मांडला पाहिजे. पूर्वी करासह अठ्ठावीस रुपयांना मिळणारी रंगांची पेटी आता पंचवीस रुपयांना मिळावी, असा या सवलतीचा अर्थ होतो. यवतमाळ शहरातील नोकरदाराच्या मुलाकडे ही पेटी कालही होती आणि आजही आहे. झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरील मुलाकडे ती काल नव्हती आणि आजही नाही. तीन रुपयांनी या दोन मुलांमधील अंतर मिटत नाही, कारण ते अंतर मुळात तीन रुपयांचे नव्हतेच. ज्या घरात महिन्याचा किराणाच आठवड्याच्या मजुरीवर तोलून आणावा लागतो, त्या घरात रंगपेटी ही महाग वस्तू नसते. ती अनावश्यक वस्तू असते. आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे गरिबाच्या घरात गरिबीच ठरवीत असते. आणि गरिबीने घेतलेला हा निर्णय पुढे शाळा, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि राज्याचे अर्थखाते जसाच्या तसा मान्य करून टाकतात, हा खरा प्रश्न आहे.

यवतमाळ जिल्ह्याची चर्चा महाराष्ट्रात होते ती बहुधा कापसाचा भाव, कर्ज आणि आत्महत्या या तीन शब्दांत. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील लहान मुलांविषयी बोलणे झालेच तर ते कुपोषण, गळती आणि स्थलांतर यांच्या तक्त्यांतून होते. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि तातडीचेही आहेत. पण एखाद्या समाजाकडे केवळ त्याच्या दुःखाच्या आकड्यांतून पाहण्याची सवय जडली म्हणजे त्या समाजातील मूल हे 'लाभार्थी' होते. ते खेळते, कल्पना करते, काही घडवते, याचा विसर पडतो. पोषण आहाराचे ताट मोजले जाते, हजेरी मोजली जाते, वजन मोजले जाते. त्या मुलाच्या हातात वर्षभरात किती कोरे कागद आले, हे कोणीही मोजीत नाही.

परंपरेची शिदोरी आणि तिचा ऱ्हास

या जिल्ह्यातील मुलांना कला आणि खेळ बाहेरून कोणी शिकवायला आले होते असे नाही. वऱ्हाडातील कृषिसंस्कृतीने आपल्या मुलांसाठी वर्षभराचा एक अलिखित अभ्यासक्रमच रचून ठेवला होता. पोळ्याला काळ्या मातीचे बैल घडत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर संपूर्णपणे मुलांचाच. लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचे आणि बोजारा मिळवायचा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाईभोवती गाणी म्हणत आणि झाकून आणलेला खाऊ ओळखत. होळीच्या आधी शेणाच्या चाकोल्या थापून त्यांच्या माळा ओवल्या जात. त्याच दिवसांत रानात पळस फुले आणि त्याच्या फुलांपासून केशरी रंग तयार होई. ज्वारीची कापणी झाली की धांड्यांच्या बैलगाड्या बनत. त्यांना चाके असत, जू असे आणि कल्पनेतले बैलही असत.

ही सारी साधने फुकट होती, कारण ती पिकांतून, जनावरांतून आणि जंगलातून येत होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथेच थोडे थांबून विचार करावा. गेल्या चार दशकांत विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने घटले आणि त्या जागी सोयाबीन आले. कडब्याची गरज कमी झाली, कारण बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. जंगलात जाण्यायेण्यावर निर्बंध आले. पीकपद्धतीच्या या बदलाचे परिणाम अन्नसुरक्षेवर, जमिनीच्या कसावर आणि पशुधनावर काय झाले याची चर्चा कृषितज्ज्ञांनी पुष्कळ केली आहे. पण ज्वारी गेली तेव्हा मुलांची बैलगाडीही गेली, हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही. सोयाबीनच्या कुटारातून बैलगाडी बनत नाही. नगदी पिकाने घरात थोडी रोकड आली असेल, परंतु पूर्वी ज्या वस्तू बाजाराच्या बाहेर राहून मुलाला मिळत होत्या, त्या आता बाजारातूनच विकत घ्याव्या लागतात. आणि बाजाराचा नियम असा की, ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती खेळणे. तान्ह्या पोळ्याचे शहरांतील रूप पाहिले तर हे सहज ध्यानात येते. बैल दुकानातून येतो, सजावट पालक करतात आणि बक्षीस बहुधा खर्चाला मिळते.

तथापि या परंपरेकडे भाबड्या हळहळीने पाहण्याचेही कारण नाही. त्या व्यवस्थेतही सुताराने घडवलेला लाकडी बैल पाटलाच्या वाड्यात असे आणि सालदाराच्या मुलाने मातीच्याच बैलावर समाधान मानावे अशी अपेक्षा असे. कुंभाराच्या मुलाला माती हे खेळणे नव्हते. ती त्याची जातीने नेमून दिलेली मजुरी होती. मुलींची भातुकली आणि भुलाबाईची गाणी यांत सासुरवासाची तालीमही दडलेली होती. म्हणून प्रश्न जुने दिवस परत आणण्याचा नाही. जुन्या व्यवस्थेने काही मुलांना जे थोडेफार, अपघाताने दिले, ते नव्या व्यवस्थेने सर्व मुलांना, हक्क म्हणून आणि जाणीवपूर्वक द्यावे, असा तो प्रश्न आहे.

वर्धेच्या पलीकडचा धडा

या विचाराचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम जवळच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम तयार केला त्यात मूलोद्योग, मातृभाषा आणि गणित यांच्या पंक्तीला चित्रकला आणि संगीत यांनाही स्थान होते. पुढे १९४४ मध्ये शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. तेथील मुलांबरोबर काम करताना त्यांनी जो अनुभव घेतला, त्यावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू करून मूल हे लहान आकाराचे प्रौढ नसते हे दाखवून दिले होते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांनी १९४३ साली कलेतून शिक्षणाचा सिद्धान्त मांडला. सेवाग्राममधील काम या जागतिक विचारापेक्षा मागे नव्हते. आणि ते एका खेड्यात, हाताला मिळेल त्या साहित्यावर चालले होते.

ताराबाई मोडक यांचाही वऱ्हाडशी संबंध होता. विवाहानंतर त्यांचे काही काळ वास्तव्य अमरावतीला होते. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांतून 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' या कल्पना साकार झाल्या. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत, तेव्हा खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांतूनच शिक्षणसाधने तयार करावीत, हा त्यांचा मार्ग. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका.

या थोर कार्याचा शासनाने लावलेला एक अर्थ मात्र तपासून पाहिला पाहिजे. 'स्थानिक साहित्य वापरा' हे ताराबाईंच्या तोंडी कल्पकतेचे आवाहन होते. शासकीय परिपत्रकात आले की तेच वाक्य अनुदान न देण्याची सबब बनते. 'टाकाऊतून टिकाऊ' ही घोषणा नेहमी गरिबांच्याच शाळेच्या भिंतीवर का लिहिलेली असते? श्रीमंतांच्या शाळेतील मुलांना टिकाऊतून टिकाऊ मिळते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना टाकाऊच, अशी वाटणी कोणी ठरवली? काळी माती, पळसाची फुले, हळद, गेरू आणि कोळसा यांचे महत्त्व आहेच. पण ते रंगपेटीला जोड म्हणून, रंगपेटीच्या ऐवजी नव्हे. कोलामाच्या मुलाला मातीही मिळाली पाहिजे आणि निळा जलरंगही मिळाला पाहिजे. समतेचा अर्थ एवढाच.

कायदा काय देतो आणि व्यवस्था काय देते

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील एकतिसाव्या कलमाने विश्रांती, खेळ आणि कलाजीवनातील सहभाग हा मुलाचा हक्क मानला. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात त्याचे काही अंशी प्रतिबिंब उमटले. प्रत्येक वर्गाला आवश्यक ते खेळसाहित्य द्यावे असे त्यात म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असेही त्यात म्हटले आहे.

ही तरतूद ज्या शाळांना लागू होते आणि ज्यांना होत नाही, त्यांची मनाशी यादी करून पाहावी. शंभराचा पट गाठतात त्या मोठ्या गावांच्या आणि शहरांच्या शाळा. पोडावरची, तांड्यावरची, जंगलकडेच्या गुड्यावरची शाळा शंभराच्या जवळपासही येत नाही. तेथे वर्ग बहुधा पाचवीला संपतात. म्हणजे ज्या मुलाला घरी रंग, पुस्तक किंवा चित्र यांपैकी काहीही पाहायला मिळत नाही, नेमके त्याच मुलाला कायद्याने कलाशिक्षकाच्या कक्षेबाहेर ठेवले. आणि जेथे कायदा लागू होतो तेथे तरी काय घडले? महाराष्ट्रात अंशकालीन निदेशक नेमले गेले ते तुटपुंज्या मानधनावर आणि मुदतीच्या करारावर. नेमणुका खंडित झाल्या आणि त्यांपैकी अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. कलाशिक्षक हा गवंड्यासारखा कामापुरता बोलवायचा माणूस आहे, अशीच यामागची समजूत दिसते. गवंड्यालाही निदान रोजच्या रोज मजुरी मिळते.

आता साहित्याचा हिशेब पाहावा. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये, तीस ते शंभर पटाच्या शाळेस २५,००० रुपये असा त्याचा दर आहे. तीस मुलांच्या शाळेला दहा हजार म्हणजे मुलामागे वर्षाला ३३३ रुपये आणि पैसे. त्यातून विजेचे बिल, फळा-खडू, किरकोळ दुरुस्ती, नोंदवह्या आणि स्वच्छता हे सारे भागवायचे. स्वच्छतेसाठी तर किमान दहा टक्के राखूनच ठेवावे लागतात. क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस ५,००० आणि उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांचे वेगळे अनुदान ठेवले गेले; ते योग्यच झाले. रंग, कागद, माती, कात्री, डिंक यांचा क्रम मात्र विजेच्या बिलानंतर लागतो, आणि विजेच्या बिलानंतर बहुधा काही उरत नाही.

याहून सूक्ष्म अडचण आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. सरकारी व्यवस्थेला टिकणाऱ्या वस्तू आवडतात. कपाट, खुर्ची, फलक, दूरदर्शन संच यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते आणि तपासणीच्या वेळी त्या दाखवता येतात. रंगाचा गुण असा की, तो वापरला तर संपतो आणि न वापरला तरच शिल्लक राहतो. म्हणून 'साहित्य कोठे आहे?' या प्रश्नाला भिणारा शिक्षक खेळण्यांचा संच कुलपात ठेवतो आणि दरवर्षी तो पूर्ण असल्याचे दाखवतो. मुलांनी मोडलेले खेळणे हा गुन्हा आणि कपाटात जपलेले खेळणे हे कर्तव्य, असा हा उफराटा न्याय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वयोगटासाठी 'जादुई पिटारा' नावाचा संच काढला; त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रे आहेत. कल्पना चांगलीच आहे. पण पिटारा किती शाळांत पोचला एवढेच विचारून भागणार नाही. तो किती शाळांत मुलांच्या हातून मळला, हे विचारले पाहिजे.

नारळाची झाडे

साहित्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो मुलाला दिलेल्या मोकळीकीचा. विदर्भातील कोणत्याही शाळेत मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हणून सांगितले तर बहुसंख्य मुले एकच चित्र काढतात: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाची झाडे. यवतमाळच्या मुलाच्या अंगणात नारळ नसतो. त्याच्या रानात मोह असतो, पळस असतो, साग असतो. शेतात बोंडांनी पांढरी झालेली पऱ्हाटी असते. ती त्याच्या कागदावर येत नाहीत, कारण चित्र म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसते ते नव्हे, आधीच ठरलेले काहीतरी, हे त्याला शाळेने शिकवलेले असते. ज्या मुलाला आपले झाड चित्रात काढण्याच्या लायकीचे वाटत नाही, त्याला पुढे आपली भाषा, आपले गाव आणि आपले श्रम तरी लायक कसे वाटावेत? न्यूनगंडाचे बीज असे नकळत, नारळाच्या झाडाच्या रूपाने पेरले जाते.

आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची दीर्घ परंपरा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव त्यांतून होतो आणि अनेक गुणी कलावंतांची पहिली पायरी ती होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या परीक्षेच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून रेखाकला हा अनेक ठिकाणी गुण मिळविण्याचा जोडरस्ता बनला. ज्यांना शिकवणी आणि साहित्य परवडते, त्यांना हे गुण सहज मिळतात. म्हणजे कला ही जी विषमता कमी करू शकली असती, तीच ती वाढविण्याचे साधन होऊन बसते. कौशल्याची परीक्षा असावी. पण परीक्षेच्या आधी निदान आठ-दहा वर्षे कोणाच्याही शेऱ्याविना, गुणांविना आणि बक्षिसाविना चिताडण्याचा काळ प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायला हवा.

हा काळ म्हणजे शब्दशः वेळ. कापसाची वेचणी सुरू झाली की आईबाप शेतात जातात. वेचणी किलोवर असते, म्हणून घरातील प्रत्येक हाताला किंमत येते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, सुटीच्या दिवशी वेचणीलाही जाते. पुसद, दिग्रस, महागाव भागातील तांड्यांवरील कुटुंबे कामासाठी बाहेर पडली की मुलांची शाळाच सुटते. या मुलांना खेळायला वेळ नाही, कारण त्यांच्या पालकांना पुरेशी मजुरी नाही. म्हणून बालकांच्या खेळाचा प्रश्न किमान वेतनाच्या, रोजगार हमीच्या आणि कापसाच्या भावाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. रंगपेटीचे वाटप करून छायाचित्र काढून घेणाऱ्या दात्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'आधी वाचायला तरी येऊ द्या'

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, वजाबाकी येत नाही, एकाच शिक्षकाला चार वर्ग सांभाळावे लागतात. अशा स्थितीत रंग आणि माती यांचे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

पहिले उत्तर भाषेचे. कोलाम मुलाची घरची भाषा कोलामी, गोंड मुलाची गोंडी, तांड्यावरच्या मुलाची बंजारा. शाळेत पाऊल टाकताच त्यांच्यापुढे येते ती पुस्तकी मराठी. ज्या भाषेत विचारले जाते ती समजत नाही आणि ज्या भाषेत उत्तर सुचते ती चालत नाही. मग मूल गप्प बसते आणि गप्प बसलेल्या मुलाला मंद ठरवले जाते. चित्र, मातीकाम आणि नाटुकली यांच्या द्वारे हे मूल पहिल्या दिवसापासून बोलू शकते. त्याने काढलेल्या मोहाच्या झाडाला त्याच्या भाषेत काय म्हणतात आणि मराठीत काय म्हणतात, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर वाचनाचा तोच पहिला धडा होतो. कला ही साक्षरतेच्या वाटेतील अडथळा नव्हे. या मुलांसाठी ती साक्षरतेचे दार आहे.

दुसरे उत्तर गणिताचे. 'दुकान-दुकान' खेळणारे मूल मोजते, मोड देते, भाव करते. काड्यांची बैलगाडी करणारे मूल दोन चाके सारखी करण्यासाठी मापते. कल्पित खेळात एक काडी बैल होते आणि एक चिंचोका रुपया होतो. एका वस्तूने दुसरीची जागा घ्यावी, हीच तर अंकाची आणि अक्षराची मूळ कल्पना. तिसरे उत्तर न्यायाचे आहे. शहरातील महागड्या शाळेच्या मुलाला 'आधी वाचायला शिक, मग रंग मिळतील' असे कोणी सांगत नाही. त्याला दोन्ही एकदमच मिळतात. ही अट फक्त गरिबाच्या मुलाला घातली जाते. त्याने आधी पात्रता सिद्ध करावी आणि मगच आनंद मागावा, हा मालकाचा न्याय आहे, शिक्षकाचा नव्हे.

काय करता येईल

यासाठी नवे महामंडळ किंवा नवी योजना नको. आहे त्यातच काही गोष्टी लगेच होऊ शकतात. शिक्षण हक्क कायद्यातील शंभराची अट लहान शाळांच्या बाबतीत शिथिल करून केंद्रशाळेच्या पातळीवर एक पूर्णवेळ, वेतनश्रेणीतील कलाशिक्षक नेमावा आणि त्याने आठवड्यातील ठरलेल्या दिवशी भोवतालच्या पोड-तांड्यांच्या शाळांत जावे. लहान शाळा बंद करून मुलांना दूर नेण्याच्या योजना आखण्यापेक्षा शिक्षकाने मुलांपर्यंत जाणे केव्हाही स्वस्त आणि माणुसकीचे.

संयुक्त अनुदानाच्या बाहेर प्रत्येक प्राथमिक शाळेला आणि अंगणवाडीला कलासाहित्यासाठी एक छोटी, बंधमुक्त रक्कम द्यावी. तिची खरेदी मुंबई-पुण्याच्या ठेकेदाराने न करता शिक्षकाने आणि शाळा व्यवस्थापन समितीने करावी, आणि हे साहित्य संपण्यासाठीच आहे, हे लेखापरीक्षेच्या नियमांत स्पष्ट लिहावे. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतील पेसा क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. शिक्षण हे त्याच्या खर्चाच्या बाबींत बसते. ग्रामसभेने ठरवले तर गावातील प्रत्येक मुलाच्या हाती रंग देण्यासाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागणार नाही.

कोलाम समाजातील बांबूकाम जाणणारे, गावातले कुंभार-सुतार, काचा-कवड्यांचे भरतकाम करणाऱ्या तांड्यावरच्या स्त्रिया यांना शाळेत निदेशक म्हणून बोलवावे आणि त्यांना योग्य मोबदला द्यावा. सत्काराचा नारळ देऊन त्यांची बोळवण करू नये. आपल्या आईची कला शाळेत शिकवली जाते आणि तिला त्याचे पैसे मिळतात, हे पाहणे हाही मुलासाठी एक धडाच असतो. सन २०२४ पासून राज्यात 'आनंददायी शनिवार' सुरू झाला आहे. त्यातील निदान एक तास असा असावा की, त्यात शिक्षकाने विषय द्यायचा नाही, नमुना काढून दाखवायचा नाही आणि शेवटी क्रमांकही लावायचे नाहीत.

आणि हे सारे जिच्या हातून सुरू होते, त्या अंगणवाडी सेविकेकडे आधी पाहावे लागेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पन्नास वर्षांनंतरही सेविका 'मानधना'वरच आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना पन्नास दिवसांहून अधिक संप करावा लागला. सर्वेक्षणे, नोंदी आणि भ्रमणध्वनीवरील माहिती भरण्यात जिचा दिवस जातो, तिने मुलांबरोबर मातीत बसावे ही अपेक्षा रास्त असेल, तर तिला कर्मचारी म्हणून मान्यता देणे त्याहून रास्त आहे.

कल्पनेचे राजकारण

खर्चाच्या दृष्टीने पाहता या मागण्या फार थोड्या आहेत. तरीही त्या मान्य होत नाहीत, याचे कारण पैशांत नाही, दृष्टीत आहे. श्रमिकांच्या मुलाने पुढे श्रमिकच व्हायचे असेल, तर त्याला हुकूम वाचता आला, आकडे जुळवता आले आणि सांगितलेले काम बिनबोभाट करता आले की पुरे. अशा मुलाला कल्पनाशक्तीची गरज काय? प्रस्थापित व्यवस्थेचे हे न बोलता चाललेले गणित आहे.

परंतु जे आहे ते असेच असायला हवे असे नाही, ही जाणीव माणसाला प्रथम होते ती खेळात. काडीला बैल म्हणता येते, कोऱ्या कागदावर घर उभे करता येते आणि आवडले नाही तर पुसून दुसरे उभारता येते. ज्या जिल्ह्यात कर्ज, नापिकी आणि पडलेला भाव यांना नियती मानून दोन पिढ्या खचल्या, तेथे तिसऱ्या पिढीला ही जाणीव देणे ही करमणूक नाही. वेगळे जग आधी कल्पावे लागते, मगच ते मागता येते आणि घडवता येते. रंगीत खडूंवरचा कर शासनाने माफ केला. आता ते खडू पोडावरच्या मुलाच्या हाती पोचविण्याची जबाबदारी त्याने स्वीकारावी. येत्या अर्थसंकल्पात आणि प्रत्येक ग्रामसभेत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो समतेवर श्रद्धा असणाऱ्या प्रत्येकाने विचारला पाहिजे.